सातवे पाऊल



माझ्या पुतणीच्या लग्नाला महिना झाला होता. विवाहनोंदणीच्या कामासाठी ती व जावईबापू आमच्या घरी उतरली होती. अर्जासोबत विधीचे एक छायाचित्र जोडावयाचे होते, म्हणून आम्ही सगळे चित्रे पाहावयास बसलो. माळा घालतानाची, व्याह्यांच्या भेटीची, रुखवताची, पंगतीची अशी शेकडो चित्रे निघाली. सप्तपदीचे मात्र एकही निघाले नाही. छायाचित्रकार त्या वेळी जेवावयास गेला होता. पुतणी हसत म्हणाली, “काका, मग माझं लग्न नेमकं लागलं तरी कधी?”

प्रश्न थट्टेचा असला तरी विचार करण्याजोगा आहे. ज्या मुलींची लग्ने आता ठरत आहेत, त्यांच्यासाठी आज त्याचेच उत्तर द्यावे असे मी योजिले आहे.

आपल्यापैकी बहुतेकजण म्हणतील, मंगलाष्टके संपली, अंतरपाट दूर झाला, डोक्यावर अक्षता पडल्या, की लग्न लागले. पत्रिकेवर छापलेला मुहूर्त तोच असतो. पाहुणे तेवढ्यासाठी येतात आणि तेवढे झाले की पानांकडे वळतात. परंतु अंतरपाट दूर होणे म्हणजे वधूवरांनी शुभ घटकेला परस्परांचे मुख पाहणे होय. तो आरंभ आहे, समाप्ती नव्हे. विवाहाचा खरा संस्कार त्यानंतर, मांडव अर्धा रिकामा झाल्यावर, अग्नीसमोर सुरू होतो.

त्या संस्काराचा क्रम व अर्थ थोडक्यात सांगतो. घराण्याच्या शाखेप्रमाणे क्रमात थोडा फरक पडतो, हे ध्यानी असू द्यावे. कन्यादान व मंगळसूत्रबंधन झाल्यावर विवाहहोम होतो. वर वधूचा हात हाती घेतो, ते पाणिग्रहण. लग्नाला ‘पाणिग्रहण’ हे नाव यावरूनच पडले. मग लाजाहोम. लाजा म्हणजे लाह्या. वधूचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो व ती त्या अग्नीला अर्पण करते. माहेरचा हात तिच्या ओंजळीशी अजून आहे, हे त्यात सुचविलेले आहे. याच सुमारास तो भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि मानाचा पोषाख मिळवितो. लोक हसतात, पण बहिणीला जपण्याची ताकीदच त्या पिळण्यात आहे. पुढे अश्मारोहण. वधूचे पाऊल दगडावर, आपल्याकडे बहुधा सहाणेवर, ठेवून ‘या दगडासारखी स्थिर राहा’ असा आशीर्वाद तिला देतात.

शेवटी सप्तपदी. तांदळाच्या सात लहान राशी मांडतात आणि दोघे त्यांवरून एकेक पाऊल टाकीत जातात. आश्वलायनाच्या गृह्यसूत्राप्रमाणे पहिले पाऊल अन्नासाठी, दुसरे बळासाठी, तिसरे धनाच्या वृद्धीसाठी, चौथे सुखासाठी, पाचवे संततीसाठी, सहावे ऋतूंसाठी. सातव्या पावलाला काहीच मागावयाचे नाही. तेथे वर वधूला म्हणतो, तू माझी सखी हो. दासी नव्हे, गृहिणीही नव्हे, सखी. संस्कृतात मैत्रीला ‘साप्तपदीन’ असा एक शब्द आहे व पाणिनीच्या व्याकरणात तो सिद्ध केलेला आहे. सात पावले बरोबर चालली की मैत्री जडते, हा विचार इतका जुना आहे.

आता कायद्याकडे वळू. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे सातवे कलम असे सांगते की, विवाह वधू किंवा वर यांच्या रूढीप्रमाणे व्हावा, आणि त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच तो पूर्ण व बंधनकारक होतो. कन्यादान, अंतरपाट, अक्षता यांचा तेथे उल्लेख नाही. हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातील एक खटला आला होता. पहिली पत्नी हयात असता नवऱ्याने दुसरे लग्न केले, असा आरोप होता. त्या दुसऱ्या प्रसंगी पूजा झाली, हार घातले गेले. परंतु होम व सप्तपदी झाली नव्हती, आणि त्यांवाचूनही लग्न लागते अशी रूढी सिद्ध झाली नाही. म्हणून ते लग्न कायद्याने लग्नच ठरले नाही व आरोपी सुटला. पहिलीला न्याय मिळाला नाही, आणि दुसरी पत्नी ठरली नाही. २०२४ साली त्याच न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले की, विधी झालाच नसेल तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही.

ज्यांच्या रूढीत सप्तपदी नाही, त्यांनी आपल्या रूढीतील मुख्य विधी कोणता ते वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावे. ज्यांना विधीच नको, त्यांना १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा मार्ग खुला आहे. त्यासाठी तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, हे विसरू नये.

तेव्हा मुलींनो, तयारीच्या चार गोष्टी सांगतो. पहिली, गुरुजींना महिनाभर आधी भेटा. मुहूर्तानंतरच्या विधींना किती वेळ लागेल ते विचारा आणि तेवढा वेळ कार्यालयाच्या व आचाऱ्याच्या वेळापत्रकात राखून ठेवा. सप्तपदीचा अर्थ मराठीत सांगण्याची विनंती करा. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने तयार केलेले पुरोहित, त्यांत स्त्रियाही आहेत, असा अर्थ सांगूनच विधी करतात.

दुसरी गोष्ट अग्नीची. होमाच्या वेळी अंगावर कृत्रिम धाग्याचे झुळझुळीत वस्त्र नसावे. रेशमी किंवा सुती लुगडे नेसावे, पदर खोचून घ्यावा. नऊवारीची सवय नसेल तर आधी दोनदा नेसून, मांडी घालून बसून पाहावे. हळद लावण्यापूर्वी आठवडाभर आधी ती हातावर थोडी लावून पाहावी. लग्नाच्या दिवशी काही मुली उपाशी राहतात. धुरासमोर तासभर बसावयाचे असते, म्हणून घरच्या चालीत बसेल असे दूध-फळ तरी सकाळी घ्यावे.

तिसरी, दागिन्यांची पेटी एकाच विश्वासू बाईच्या हाती द्या. आहेराची यादी करा. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते लिहून त्यावर वधूवर दोघांनी सह्या कराव्यात. हा माझा पंतोजीपणा नव्हे. हुंड्याच्या कायद्याखालील १९८५ च्या नियमांतच तसे सांगितले आहे. वधूला मिळालेले स्त्रीधन तिचे स्वतःचे असते, आणि वेळ आली तर ही यादीच बोलते.

चौथी, महाराष्ट्रात लग्नानंतर नव्वद दिवसांच्या आत नोंदणी करावी. पत्रिका, विधीचे छायाचित्र व साक्षीदारांची ओळखपत्रे एका पाकिटात त्याच दिवशी घालून ठेवावीत.

आता पुतणीच्या प्रश्नाचे उत्तर. मी तिला म्हणालो, “बाळ, तुझं लग्न सातव्या पावलाला लागलं.” त्यावर तिने विचारले, “तेव्हा तुम्ही कुठे होता, काका?” मी पंगतीत जिलेबीचा आग्रह करीत फिरत होतो. मुलांना सप्तपदीचा अर्थ शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने घरच्या मुलीची सप्तपदी पाहिली नव्हती. नोंदणीचे काम अखेर होमाच्या एका अंधुक चित्रावर भागले. माझे मात्र भागले नाही.

पुढच्या वैशाखात धाकटीचे लग्न आहे. सातवे पाऊल पडेपर्यंत पंगत बसणार नाही, असे आचाऱ्याला मी आतापासूनच सांगून ठेविले आहे. आपल्या घरी कार्य असेल तर आपणही तसेच सांगावे, एवढीच विनंती.