कूलर गुणगुणतो, पण फिरत का नाही?

मागच्या व्याख्यानात आपण मोटारीच्या गुंडाळ्या आणि त्यातून तयार होणारं चुंबकीय क्षेत्र पाहिलं. आज त्याच मोटारीला जोडलेल्या एका छोट्या डबीबद्दल बोलू.

नागपुरात मे महिना म्हणजे काय, हे इथे कोणाला सांगायला नको. नवतपा सुरू आहे, पारा ४५ अंशांच्या पुढे गेलाय, आणि भर दुपारी कूलरचं बटण दाबलं तर नुसता ‘हूंऽऽ’ असा आवाज येतो. पंप पाणी चढवतोय, वाळ्याच्या ताट्या ओल्या आहेत, पण पंखा जागचा हलत नाही. मग घरातलं कोणीतरी काठीने पातं ढकलतं, आणि पंखा फिरायला लागतो! मेकॅनिक बघतो आणि म्हणतो, “कंडेन्सर गेला.” हा कंडेन्सर म्हणजेच कपॅसिटर, पुस्तकातलं नाव धारित्र.

आता विचार करा. ढकलल्यावर पंखा फिरतो, म्हणजे मोटार शाबूत आहे. मग त्या डबीत असं काय आहे, की तिच्यावाचून मोटार स्वतःहून सुरूच होत नाही?

डबी फोडली तर आत फारसं काही दिसत नाही. धातूचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये वीज न जाऊ देणारा पदार्थ, एवढाच कपॅसिटर. कूलरच्या कपॅसिटरमध्ये प्लास्टिकच्या पातळ फितीवर धातूचा अतिशय तलम थर चढवून तिची गुंडाळी केलेली असते. याला बॅटरी जोडली तर एका थरावर धन आणि दुसऱ्यावर ऋण प्रभार साठत जातो. साठलेला प्रभार नव्या प्रभाराला विरोध करतो. थरांमधला दाब बॅटरीइतका झाला की प्रवाह थांबतो.

घरातली वीज मात्र सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होण्याचं चक्र पूर्ण करते. त्यामुळे कपॅसिटर एका बाजूने भरतो, रिकामा होतो, उलट्या बाजूने भरतो, पुन्हा रिकामा होतो. मधला अडसर वीज कधीच ओलांडत नाही, पण बाहेरच्या तारांमध्ये ये-जा चालूच राहते. म्हणून आपण म्हणतो, कपॅसिटर एकदिश प्रवाह अडवतो आणि प्रत्यावर्ती प्रवाह जाऊ देतो.

यातली खरी गंमत वेळेची आहे. थर रिकामे असतात तेव्हा प्रभार सहज येतो, म्हणजे प्रवाह सगळ्यात जास्त असतो आणि दाब शून्य. थर पूर्ण भरले की दाब सगळ्यात जास्त आणि प्रवाह शून्य. म्हणजे कपॅसिटरमध्ये प्रवाह आधी आणि दाब मागून, पाव चक्राच्या फरकाने. मोटारीच्या गुंडाळीत याच्या उलट घडतं. तिथे प्रवाह दाबाच्या मागे पडतो.

आता जात्याकडे वळू. जात्याचा खुंटा धरून नुसता समोर-मागे जोर लावला तर जातं फिरेल का? नाही. समोरचा जोर ओसरत असतानाच आडवा जोर लागावा लागतो, तोही नेमक्या वेळी. एकदा जातं गतीत आलं, की मग थोड्या जोरावरही चालत राहतं.

कूलरच्या मोटारीचं तसंच आहे. एकट्या मुख्य गुंडाळीचं चुंबकीय क्षेत्र नुसतं पुढे-मागे होतं. म्हणून मोटार गुणगुणते, थरथरते, पण फिरत नाही. काठीने ढकललं तर ज्या दिशेने ढकलाल त्या दिशेने फिरते. शिस्तीत सुरू व्हायला तिला आडवा जोर हवा, म्हणून दुसरी गुंडाळी काटकोनात बसवलेली असते आणि तिच्या वाटेत कपॅसिटर जोडलेला असतो. तो दुसऱ्या गुंडाळीचा प्रवाह पुढे काढतो. दोन्ही जोर आळीपाळीने लागतात, क्षेत्र गोल फिरू लागतं आणि पंखा त्याच्यामागे जातो.

हीच युक्ती काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांमध्येही कामाची आहे. विहिरीवरचा थ्री-फेज पंप कपॅसिटरशिवाय सुरू होतो, पण चुंबकीय क्षेत्र उभं करायला तो जादा प्रवाह खेचतो. हा प्रवाह काम न करता ट्रान्सफॉर्मरपासून विहिरीपर्यंत नुसता ये-जा करतो आणि तारा तापवतो. पंपाच्या समांतर कपॅसिटर लावला तर ही ये-जा पंप आणि कपॅसिटर यांच्यातच मिटते. ५ एचपीच्या पंपाचा पॉवर फॅक्टर ०.८ धरून हिशोब केला, तर सुमारे २ केव्हीएआरच्या कपॅसिटरने तारेतला प्रवाह ८ अँपिअरवरून ७ च्या खाली येतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने बदलते, म्हणून तारेतला तोटा जवळपास ३० टक्के घटतो. एका ट्रान्सफॉर्मरवर वीस-पंचवीस पंप असतील तर तो जळणं आणि टिकणं यातला फरक इथेच असू शकतो. कृषिपंपांना कपॅसिटर बसवा, असं महावितरण शेतकऱ्यांना सांगत असते ते म्हणूनच.

परत कूलरकडे येऊ. कपॅसिटर बहुधा एकदम जात नाही. फितीला कुठे बारीक छिद्र पडलं तर भोवतालचा धातू जळून ती जागा आपोआप बंद होते, पण दरवेळी क्षमता थोडी घटते. उष्णतेने हे लवकर होतं. म्हणून आधी पंखा मंद होतो, मग सुरूच होत नाही. अशा वेळी बटण चालू ठेवू नका; अडकलेली मोटार तापून जळते. कपॅसिटर मोटारीच्या मानाने अगदी स्वस्त आहे. बदलताना जुन्यावरचा आकडा बघा. छताच्या पंख्याला बहुधा २.५ मायक्रोफॅरड, कूलरला ४ च्या आसपास असतो. ‘मोठा लावला की जोरात फिरेल’ हा गैरसमज आहे. दुसऱ्या गुंडाळीत जादा प्रवाह जाऊन तीच जळेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये प्रभार उरू शकतो. घरच्या विजेचा दाब शिखरावर सुमारे ३२५ व्होल्ट असतो, म्हणजे झटका बसतो. कूलरमधला कपॅसिटर लहान, पण स्टुलावरून पडायला तेवढा पुरे. म्हणून होल्डरमधल्या साध्या बल्बच्या दोन तारा कपॅसिटरच्या दोन्ही टोकांना लावून तो आधी रिकामा करा. चालू कूलरमध्ये काठी किंवा हात घालून पातं ढकलणं तर कायमचं सोडा. ओला पत्रा, ओली फरशी आणि बिनअर्थिंगचा प्लग यामुळे विदर्भात उन्हाळ्यात माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

तेव्हा उद्या घरी गेल्यावर एवढं करा. प्लग काढा, कूलरच्या मोटारीजवळची ती डबी शोधा आणि तिच्यावरचा आकडा हात न लावता वाचून या. पुढच्या व्याख्यानात त्याच आकड्यापासून सुरुवात करू.