ओल्ड ट्रॅफर्डचें घर

ओल्ड ट्रॅफर्ड हें नांव आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे तें क्रिकेटमुळें. १९३६ सालीं विजय मर्चंट व मुश्ताक अली यांनीं सलामीस २०३ धावा जोडल्या त्या तेथेंच, आणि १९९० सालीं सचिन तेंडुलकर यांचें पहिलें कसोटी शतक झालें तेंही तेथेंच. परंतु मँचेस्टरच्या त्याच भागांत, त्या मैदानापासून हांकेच्या अंतरावर, त्याच नांवाचें दुसरें एक क्रीडांगण आहे. तें मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल संघाचें घर. घर हा शब्द आम्हीं जाणूनबुजून योजिला आहे.

हा संघ मुळांत रेल्वेच्या कामगारांनीं १८७८ सालीं काढलेला. पुढें तो कर्जांत बुडाला असतां एका धनिकानें त्यास हात दिला, व त्याच्याच पैशानें १९ फेब्रुवारी १९१० रोजीं हें मैदान खुलें झालें. वास्तुशांतीचा तो सामना मात्र यजमानांनीं लिव्हरपूलकडून ३–४ असा गमावला!

शेजारींच ट्रॅफर्ड पार्कचे कारखाने. महायुद्धांत तेथें विमानें व त्यांचीं एंजिनें तयार होत. ११ मार्च १९४१ रोजीं जर्मन बाँब पडले, त्यांत मैदानाचें मुख्य प्रेक्षागार जमीनदोस्त झालें. मग संघानें बिऱ्हाड केलें कोठें? तर गांवांतल्याच प्रतिस्पर्ध्याकडे, मँचेस्टर सिटीच्या मेन रोड मैदानावर! भाऊबंदांच्या वाड्यांत भाड्यानें राहण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांस यांतील अवघडलेपण सांगावयास नको. भाडें सालीना ५,००० पौंड, शिवाय तिकिटांच्या उत्पन्नांत वांटा. आणि नवल असें कीं, संघाचे दिवस पालटले ते याच बिऱ्हाडांत. १९४५ सालीं मॅट बझबी हे व्यवस्थापक झाले. १९४८ च्या जानेवारींत आर्सेनलविरुद्धच्या सामन्यास त्या परक्या अंगणांत ८०,००० हून अधिक माणूस लोटलें, आणि त्याच वर्षीं संघानें एफ. ए. कप जिंकला, स्वतःचें मैदान नसतांना! २४ ऑगस्ट १९४९ रोजीं मंडळी स्वगृहीं परतली आणि बोल्टनला ३–० असें हरवून मोकळी झाली.

पुढचें दुःख याहून मोठें. ६ फेब्रुवारी १९५८ रोजीं बेलग्रेडहून परततांना म्यूनिक येथें संघाचें विमान कोसळलें. २३ जीव गेले, त्यांत ८ खेळाडू. बझबी वांचले, व दहा वर्षांनीं त्यांच्याच संघानें युरोपियन कप आणला. अपघाताचें स्मारक म्हणून लावलेलें घड्याळ मैदानाच्या भिंतीवर आहे. त्यावर ती तारीख व म्यूनिक हें नांव आहे.

आतां या वास्तूंत सुमारें ७४,००० प्रेक्षक मावतात. पण २०२४ च्या मे महिन्यांत छपरावरून पाण्याचे लोट प्रेक्षकांत कोसळलेले साऱ्या जगानें पाहिले, आणि ११ मार्च २०२५ रोजीं, म्हणजे बाँब पडले त्याच तारखेस, शेजारींच १,००,००० आसनांचें नवें क्रीडांगण बांधण्याचा मनोदय संघानें जाहीर केला. जुना वाडा पाडावा कीं डागडुजी करावी, हा तंटा आमच्या घरांतून नवा नाहीं. तरुणांस गळकें छप्पर दिसतें, वडीलधाऱ्यांस भिंतीवरचें घड्याळ. गळक्या घरांत पाहुणे बोलावूं नयेत हें आम्हांसही पटतें. घड्याळ तर नव्या घरीं नेतां येईल. पण १९१० च्या मूळ बांधकामांपैकीं बाँबमधूनही वांचलेला खेळाडूंचा जुना बोळ दक्षिणेकडील प्रेक्षागाराखालीं आहे, तो कांहीं उचलून नेण्याजोगा नाहीं.