क्वार्टर म्हणजे किती?

गेल्या महिन्यात एका समाजकार्य महाविद्यालयात तोंडी परीक्षेला बाह्य परीक्षक म्हणून गेले होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी अशी बोलावणी येतात, आणि जाऊ नये हे कळत असून मी जाते. एका मुलीने वस्तीतल्या 40 जणांची व्यसन-तपासणी केली होती. ऑडिट आणि असिस्ट, दोन्ही प्रश्नावल्या भरलेल्या, रंगीत आलेख, स्पायरल बाइंडिंग. मी विचारलं, "एक क्वार्टर म्हणजे किती ड्रिंक?"

"एक, मॅडम."

घरी येईपर्यंत तो 'एक' डोक्यातून जाईना.

मुंबईत 1936 साली दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याचं शिक्षण सुरू झालं, तिथपासूनचा इतिहास मी वर्गात इतक्यांदा सांगितलाय की आता माझाच मला कंटाळा येतो. तो सोडून देऊ. 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं तेव्हा ब्राउन शुगरची धास्ती घरोघर होती. आम्हा विद्यार्थ्यांच्या लेखी व्यसनी म्हणजे गर्दुल्ला. रोज रात्री जेवणाआधी 'थोडी' घेणारा कारकून आमच्या अभ्यासक्रमात नव्हताच.

शिकवणारी म्हणून माझं खरं दशक 2001 ते 2011. जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑडिट या दारूविषयीच्या प्रश्नावलीच्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती 2001 मध्ये आली आणि तिची एक फिकट झेरॉक्स माझ्या हाती लागली. दहा प्रश्न, शून्य ते 40 गुण. आठपासून धोका, विसापासून पुढे तज्ज्ञांकडे पाठवायचं. तोवर आमची मुलं "पिता का?" असं विचारायची आणि उत्तर 'हो' आलं की लगेच कीर्तन सुरू. समोरचा मान डोलवायचा आणि पुढच्या आठवड्यात घराला कुलूप. विचारणं आणि उपदेश करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या झेरॉक्सने शिकवलं.

पण ही प्रश्नावली नॉर्वे, ऑस्ट्रेलिया, केनिया, बल्गेरिया, मेक्सिको आणि अमेरिका या सहा देशांतल्या लोकांवर घडवलेली. आपल्या बाटलीचं गणित तिच्यात कुठून असणार? ते आम्ही वर्गात मांडलं. भंगारवाल्याकडून रिकाम्या बाटल्या आणल्या (प्राचार्य आठवडाभर बोलत नव्हते), त्यात पाणी भरून मोजलं. क्वार्टर म्हणजे 180 मिली. व्हिस्कीत अल्कोहोल 42.8 टक्के, म्हणजे साधारण 60 ग्रॅम. ऑडिटचं एक ड्रिंक 10 ग्रॅमचं. तेव्हा एक क्वार्टर म्हणजे सहा, आणि 'नव्वद' म्हणजे तीन. "मी काय, रोज फक्त एक क्वार्टर" म्हणणाऱ्या सज्जनाचे पहिल्या तीन प्रश्नांतच 10 गुण होतात. हे फळ्यावर मांडलं त्या दिवशी वर्गात कुणी हसलं नाही. हातभट्टीच्या फुग्यापुढे मात्र आम्ही हरलो. त्यात काय आणि किती असतं, ते गाळणाऱ्यालाही सांगता येत नाही.

भाषांतराची फजिती तर विचारू नका. 'केज' या चार प्रश्नांच्या जुन्या चाचणीत शेवटचा प्रश्न 'आय-ओपनर'चा. आमच्या पहिल्या फॉर्मवर छापलं होतं, "सकाळी डोळे उघडण्यासाठी दारू घेता का?" पारावरचे एक आजोबा म्हणाले, "डोळं तर कोंबडं आरवलं की उघडत्यात, पोरी." मग आम्ही प्रश्न बदलला: सकाळी हात कापतात म्हणून घ्यावी लागते का? पुढच्या वेळी आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी नुसता हात पुढे धरला.

बायकांना काही विचारायचंच नाही, असा एक अलिखित नियम होता. तो मोडायला मला तीन वर्षं लागली. "मावशी, तंबाखू खाता?" "छे गं बाई!" "मिश्री लावता?" "ती व्हय, सकाळ-संध्याकाळ. ती काय तंबाखू हाय?"

त्या काळात आमच्याकडे एक वजनदार बाह्य परीक्षक यायचे. माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्या चाळून म्हणाले, "बाई, माणसांना गुण देणं हे समाजकार्य नव्हे. आपण काय कारकून आहोत?" मुलांचे गुण त्यांनी कापले, आणि ते मी अजून विसरलेले नाही. आता त्यांच्याच खुर्चीत मी बसते आणि कधीकधी त्यांचंच वाक्य माझ्या ओठांवर येतं, याचा राग वेगळाच.

कारण आज 'पुराव्यावर आधारित' हे शब्द प्रत्येक माहितीपत्रकावर आहेत. आम्ही भांडून आणलेली प्रश्नावली सत्रात दोन तासांत उरकते आणि फॉर्म मोबाइलवर भरला जातो, बहुधा पारावर न जाताच. 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं की दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांतल्या एकालाच काही उपचार मिळतात. बाकीच्या 37 जणांच्या दारात जाणार कोण, हा प्रश्न कुठल्याच सत्राच्या परीक्षेत येत नाही.

त्या तोंडी परीक्षेत त्या मुलीचे फॉर्म मी पुन्हा उलटले होते. 40 पैकी 17 बायका. तंबाखूच्या रकान्यात सतराही ठिकाणी 'नाही'. शेजारचे परीक्षक घड्याळ बघत होते. चहा आला होता.

"मिश्रीचं विचारलंस का गं?"

तिने फॉर्म हातात घेतला, वरून खालपर्यंत बोट फिरवलं.

"मॅडम, ती ह्यात नाहीये."