पक्ष्यांची लोकनामे आणि पक्ष्यांची ओळख : शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्याकडे उरलेल्या ग्रामीण भागात शहापूर व मुरबाड हे दोन तालुके वनसंपदेच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहेत. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील सागाची व मिश्र पानझडीची वने, तानसा, भातसा व बारवी यांसारखे जलाशय आणि त्यांच्या आधाराने वसलेले वारली, ठाकूर, महादेव कोळी व कातकरी समाजांचे पाडे अशी या परिसराची रचना आहे. शहापूर तालुका संपूर्णपणे व मुरबाड तालुका अंशतः अनुसूचित क्षेत्रात मोडतो. येथील पक्षिजीवनाविषयीचे ज्ञान मुख्यतः मौखिक असून ते पक्ष्यांच्या नावांत साठवलेले आहे.

या नावांचा प्रश्न केवळ भाषाभ्यासाचा नाही. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन होणे आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे अपेक्षित आहे. या नोंदवहीत स्थानिक नाव व शास्त्रीय नाव शेजारी शेजारी लिहावे लागते. स्थानिक नावापुढे चुकीचे शास्त्रीय नाव पडले, तर एखाद्या दुर्मीळ जातीचे अस्तित्व कागदावरून पुसले जाते किंवा नसलेली जात कागदावर अवतरते. म्हणून लोकनाम म्हणजे नेमके काय, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

लोकनाम ही चिकटवलेली चिठ्ठी नसते. ती एका निरीक्षणाची नोंद असते. 'पावशा' हे याचे उत्तम उदाहरण होय. हा पक्षी दिसायला शिक्र्यासारखा असतो. राखाडी पाठ, पोटावर आडवे पट्टे, उडण्याची व बसण्याची ढब, सारे शिक्र्याचेच. लहान पक्षीसुद्धा त्याला पाहून घाबरतात. दुर्बीण घेतलेला नवशिका निरीक्षक येथे हमखास चुकतो. परंतु 'पावशा' हे नाव रूपावरून पडलेलेच नाही. ते ऋतूवरून व आवाजावरून पडले आहे. उन्हाळा चढू लागला, राब भाजून झाले आणि भाताच्या पेरणीची वेळ जवळ आली की या पक्ष्याची चढत जाणारी हाक सुरू होते, आणि मराठी कानांना ती 'पेरते व्हा' अशी ऐकू येते. हिंदी भाषकाला त्याच हाकेत 'पी कहाँ' ऐकू आले आणि इंग्रजांना 'ब्रेन फीव्हर', म्हणजे मेंदूज्वर. एकच ध्वनी कुणाला विरहाचा, कुणाला दुखण्याचा आणि शेतकऱ्याला कामाचा वाटला. रूपावर विसंबणारा डोळा शिकारी पक्ष्याशी गल्लत करतो. आवाजावर विसंबणारे नाव ती करीत नाही. पावसाच्या तोंडावर येणाऱ्या चातकाशी मात्र पावशाची सांगड पुष्कळदा घातली जाते. चातक काळापांढरा, तुरेवाला व आफ्रिकेतून येणारा पाहुणा आहे. पावशा येथेच राहतो, फक्त हिवाळ्यात तो जवळजवळ मूक असतो.

मराठी पक्षिनामांचा आणखी एक मोठा गट व्यवसायांवरून आलेला आहे. सुतार, तांबट, शिंपी, धोबी, कोतवाल, धीवर ही नावे एकत्र मांडली तर अख्खे गावगाड्याचे चित्र उभे राहते. तांबट पक्ष्याचा एकसुरी 'टुक् टुक्' आवाज इंग्रजांनाही तांब्यावरील हातोडीसारखाच वाटला आणि त्यांनीही त्याला 'कॉपरस्मिथ' म्हटले. तथापि हे नाव ठेवण्यासाठी तांबटाची आळी ऐकलेली असावी लागते. डोंगरातील पाड्यावर या पक्ष्याला दुसऱ्या एखाद्या आवाजावरून ओळखले जात असेल, तर ते नाव 'चुकीचे' म्हणून खोडण्याचा अधिकार गावगाड्याच्या नावाला पोहोचत नाही.

प्रतिष्ठित नाव अचूकच असते असेही नाही. ज्या पक्ष्याचे दर्शन शुभ मानले जाते, त्या 'भारद्वाजा'ला लोकव्यवहारात कुंभारकावळा, सोनकावळा अशीही नावे आहेत. संस्कृत कोशांत 'भरद्वाज' या पक्षिवाचक शब्दाचा अर्थ मात्र चंडोल असा दिला जातो. म्हणजे एका पक्ष्याचे नाव प्रवास करीत दुसऱ्याच पक्ष्यावर येऊन बसले. उलट, तपकिरी-सोनेरी पंखांचा व काळ्या अंगाचा पक्षी डोळ्यांपुढे उभा करण्याचे काम 'सोनकावळा' हा साधा शब्द अधिक नीट करतो.

लोकनाम कोठे पुरे पडते आणि कोठे अपुरे, हे पिंगळ्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. पिंगळा हे गावाजवळचे लहान घुबड. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या 'पिंगळ्या'लाही याच पक्ष्याचे नाव मिळाले, इतका तो परिचित आहे. याच्याच कुळातील रानपिंगळ्याचा पहिला नमुना १८७२ साली मध्य भारतात ब्लूइट यांनी मिळविला व १८७३ साली ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८८४ नंतर त्याची विश्वसनीय नोंद उरली नाही. १९१४ साली गुजरातेत मिळाल्याचा दावा असलेला माइनर्ट्झहागेन यांचा नमुना हा प्रत्यक्षात चोरलेल्या जुन्या नमुन्यावर खोटी चिठ्ठी लावून केलेला बनाव होता, हे पुढे रासमुसेन व कोलर यांनी उघड केले. खोटी चिठ्ठी बाजूला सारून खऱ्या जुन्या नोंदींच्या ठिकाणी शोध घेतल्यावरच, नोव्हेंबर १९९७ मध्ये, शहादा परिसरात हा पक्षी तब्बल ११३ वर्षांनी पुन्हा दिसला. त्यानंतर २०१४ साली तो शहापूर तालुक्यातील तानसा अभयारण्यात आढळला. मुंबईला १८९२ पासून पाणी देणाऱ्या जलाशयाच्या काठी, महानगरापासून शंभर किलोमीटरच्या आत, जगातील एक अतिदुर्मीळ घुबड वावरत होते.

पिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे, छाती सलग तपकिरी, शेपटीवर ठळक पांढरे पट्टे, पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले व दणकट असतात. तो सागाच्या विरळ वनात दिवसाढवळ्याही शिकार करतो. त्याच जंगलात तिसरेही एक लहान घुबड आहे. त्याच्या सर्वांगावर बारीक आडव्या रेघा असतात आणि इंग्रजीत त्याला 'जंगल आउलेट' म्हणतात. रानपिंगळ्याचे इंग्रजी नाव 'फॉरेस्ट आउलेट'. रान, वन, जंगल या समानार्थी शब्दांनी केलेली भाषांतरे म्हणूनच फारशी उपयोगाची नाहीत. गोंधळ मूळ इंग्रजीतच आहे. नोंदवहीत नुसते 'पिंगळा' लिहिले, तर तीनही घुबडे त्या एका शब्दात लपू शकतात. मात्र माहिती देणाऱ्याला 'तो दिवसा दिसतो का, गावात दिसतो की सागात, पाठीवर ठिपके आहेत का' एवढे तीन प्रश्न विचारले, तर ती बरीचशी वेगळी होतात.

जलाशयांवरील पक्ष्यांबाबतही हेच घडते. 'पाणकावळा' या एका नावाखाली तीन जाती येतात. पाण्यात बुडी मारणारा, काळा, पंख पसरून वाळवणारा पक्षी एवढी ओळख व्यवहाराला पुरते. जातीनिहाय गणनेला ती पुरत नाही. सागरकिनाऱ्यावरील कुरव व सुरय यांच्यात फरक करताना शरीराचा भरीवपणा, शेपटीची दुभंग आणि सूर मारून मासा पकडण्याची सवय पाहावी लागते. नदीसुरय हा सुरयांचा भाऊबंद गोड्या पाण्याच्या जलाशयांवर येत असल्याने ही दृष्टी किनाऱ्यापासून दूरच्या तालुक्यांतही कामी येते.

लोकनामे नेहमीच ढोबळ असतात, हा समज मात्र टिकत नाही. १९२८ साली न्यू गिनीतील आर्फाक पर्वतात गेलेल्या अर्न्स्ट मायर यांना १३७ जाती वेगळ्या करता आल्या, तर तेथील लोकांकडे त्यांपैकी १३६ जातींसाठी स्वतंत्र नावे होती. महाराष्ट्रात वनाधिकारी म्हणून काम केलेल्या मारुती चितमपल्ली यांनी आदिवासी व अन्य भाषांतील नावांची दखल घेत 'पक्षीकोश' सिद्ध केला. महाराष्ट्र पक्षिमित्र संघटनेने प्रमाण मराठी नावांच्या सूचीचे काम केले. दोन्ही कामे आवश्यकच आहेत, पण त्यांची प्रयोजने भिन्न आहेत. 'ताम्रमुखी टिटवी' हे प्रमाण नाव संशोधकांच्या परस्परव्यवहारासाठी आहे; पाड्यावर त्या नावाने प्रश्न विचारल्यास उत्तर मिळणार नाही.

ठाण्यातील बोलींची नोंद ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) झाली. कातकरी, ठाकरी व वारली यांचा त्यात समावेश आहे. परंतु त्या सर्वेक्षणाचा मुख्य नमुना म्हणजे बायबलमधील उधळ्या पुत्राच्या कथेचे भाषांतर. त्या कथेत डुकरे आहेत, वासरू आहे. पक्षी एकही नाही. सोबतच्या शब्दयादीतही कोंबडा, बदक आणि 'पक्षी' हा सामान्य शब्द यांपलीकडे पक्षिवर्गाला जागा मिळाली नाही. तेव्हा या बोलींतील पक्षिनामांसाठी जुन्या ग्रंथांकडे नव्हे, तर बोलणाऱ्यांकडेच जावे लागते. ते करताना नावासोबत बोली, पाडा, महिना, पक्ष्याचा आवाज आणि तो कोठे दिसतो हे सांगणाऱ्याच्याच शब्दांत टिपावे, आणि शास्त्रीय नाव सर्वांत शेवटी भरावे. पुस्तकातील चित्र आधी दाखविल्यास सांगणारा सौजन्याने होकार देतो व नोंद बिघडते.

वेळेचाही प्रश्न आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने देशभरातील नोंदवह्या पूर्ण करण्यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली होती आणि ती टळल्यास राज्यांना दरमहा १० लाख रुपये भरावे लागणार होते. मुदतीच्या अगोदरचे महिने हिवाळ्याचे होते. त्या काळात पावशा बोलत नाही आणि चातक आफ्रिकेत असतो.