जुन्या मोटारीचें तेल कोठें जातें?

वाशीम, रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या आपल्या सहाही तालुक्यांत शेतकऱ्याच्या दारांत उभी असलेली मोटार पुष्कळदां नवी नसते. दहा-पंधरा वर्षें वापरलेली, दीड-दोन लाख किलोमीटर चाललेली आणि बाजार समितीपासून दवाखान्यापर्यंत सर्व फेऱ्या करणारी अशी ती असते. अशा मोटारीविषयीं एक तक्रार नेहमीं कानीं येते, ती म्हणजे 'गाडी ऑईल खाते.' त्यावर 'इंजिन उघडावें लागेल' असें उत्तर मिळालें कीं सोयाबीनचे आलेले पैसे त्या कामांत जातात. कधीं हें काम खरोखरच आवश्यक असतें, पण कित्येकदां नसतें. तें ठरविण्याची रीत मालकास स्वतःस ठाऊक असावी, एवढ्यासाठीं हा लेख.

आमच्या घरच्या पेट्रोलच्या मोटारीस गतवर्षीं हाच रोग जडला. इंजिन बांधून घेण्याचा सल्ला मिळाला होता. परंतु आम्ही आधीं मोजमाप करावयाचें ठरविलें. गाय आटली कीं नाहीं हें आपण भांड्यानें ठरवितों, अंदाजानें नव्हे. तोच न्याय येथेंही लावावा. मोटार सपाट जागीं उभी करून इंजिन बंद केल्यावर पांच-दहा मिनिटें थांबावें, डिपस्टिक पुसून पुन्हां बुडवावी आणि वरच्या खुणेपर्यंत तेल भरावें. किलोमीटरचा आंकडा वहींत लिहून ठेवावा. पुढें ५०० किलोमीटर झाल्यावर त्याच जागीं पुन्हां पाहून, वरची खूण गांठण्यास किती तेल लागलें तें मापानें घ्यावें. आम्हांस ४५० मिलिलिटर लागलें, म्हणजे दर १००० किलोमीटरला ९०० मिलिलिटर. कांहीं कारखानदार दर १००० किलोमीटरला अर्धा ते एक लिटर खर्च मर्यादेंत धरतात. आपल्या मोटारीचा आंकडा तिच्या पुस्तिकेंत पाहावा. वरच्या खुणेपलीकडे मात्र तेल कदापि भरूं नये. जादा तेल घुसळलें जाऊन त्यास फेस येतो, आणि तें श्वासनळीवाटे ओढलें जाऊन जळतें.

दुसरा प्रश्न असा कीं, तेल जळतें कीं गळतें? रात्रीं मोटारीखालीं जुना पुठ्ठा अंथरावा. सकाळीं त्यावर डाग दिसला, किंवा इंजिनाच्या बुडाशीं तेलांत भिजलेली धूळ थापली गेली असेल, तर तो दोष गळतीचा होय व त्याचा उपाय पुष्कळदां स्वस्त असतो. इंजिन पूर्ण थंड असतां रेडिएटरचें झांकण काढून पाण्यावर तवंग आहे काय तेंही पाहावें.

गळती नसेल तर धुराकडे पाहावें. निळसर धूर तेलाचा, काळा धूर न जळलेल्या इंधनाचा, आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारी दाट पांढरी वाफ पाण्याची असते. निळा धूर केव्हां येतो यावर निदान अवलंबून आहे. रात्रभर उभी असलेली मोटार सुरू करतांच एक लोट येऊन थांबला, किंवा उतारावरून पाय काढून आल्यावर पुन्हां वेग देतांना धूर आला, तर व्हॉल्व्हचीं रबरी सीलें कडक झालीं असावींत. चढावर किंवा ओझें असतां सतत धूर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगांवर संशय घ्यावा. टर्बो असलेल्या मोटारींत त्याचीही तपासणी करावी. धूर दिसत नाहीं म्हणून तेल जळत नाहीं असें मात्र नव्हे. सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थोडा धूर झांकून टाकतो.

इंजिन उघडण्यापूर्वीं दोन स्वस्त गोष्टी पाहाव्या. पहिली श्वासनळी, म्हणजे ब्रीदर, व तिची झडप. रिंगांच्या बाजूनें खालीं उतरणारा वायु या वाटेनें बाहेर पडतो. ती काजळीनें बुजल्यास आंतील दाब वाढून तेल नको त्या वाटेनें सरकतें. दुसरी एअर फिल्टर. आपल्याकडील गाडरस्त्यांची व मळणीयंत्राजवळची धूळ फार बारीक असते. फाटक्या किंवा नीट न बसलेल्या फिल्टरमधून ती आंत गेली कीं सिलिंडर व रिंगा कानशीनें घासल्यासारख्या झिजतात. आमच्या मोटारीचा ब्रीदर बुजलेला होता आणि फिल्टरच्या पेटीचें झांकणही नीट बसत नव्हतें. दोन्ही दुरुस्त करून ताजें तेल घातल्यावर खर्च ९०० वरून ५०० मिलिलिटरवर आला.

तरीही सकाळचा लोट राहिला, म्हणून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजविला. पेट्रोलच्या इंजिनांत दाब कमी भरल्यास प्लगच्या छिद्रांतून चमचाभर तेल सोडून पुन्हां मोजतात. दाब चढला तर रिंगा झिजल्या, न चढला तर व्हॉल्व्ह बसत नाहींत, असें समजावें. डिझेल इंजिनावर हा तेलाचा प्रयोग करूं नये. दाब उत्तम असूनही तेल जळत असेल, तर दोष सीलांचा किंवा काजळीनें अडकलेल्या तेल-रिंगांचा असतो. आमचा दाब ठीक भरला. सीलें बदलतांच खर्च २५० मिलिलिटरवर उतरला. तेल-रिंगा अडकल्या असल्यास प्लगच्या छिद्रांतून काजळी विरघळविणारें औषध घालून भिजविण्याची रीत आहे. तिनें गुण येईलच असें नाहीं.

तेल पुस्तिकेंत सांगितलेल्या प्रतीचेंच घ्यावें. पुस्तिकेस मान्य असेल तर त्यांतील किंचित जाड प्रत जुन्या इंजिनास मानवते. तेल वेळेवर बदलावें. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाल्यापासून शेलूबाजारहून नागपूर जवळ आलें. पण ताशीं १२० किलोमीटरच्या मर्यादेवर जुनी मोटार सतत हांकल्यास ती तेलही अधिक जाळते. अशा प्रवासास निघण्यापूर्वीं डिपस्टिक अवश्य पाहावी. तेल खालच्या खुणेखालीं गेलेलें लक्षांत न आल्यास इंजिन जाम होण्याचा धोका असतो, आणि मग इंजिन बांधण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं.

शेवटीं हिशेब करावा. वर्षास ८००० किलोमीटर चालणाऱ्या मोटारीस ९०० मिलिलिटरच्या दरानें ७.२ लिटर जादा तेल लागेल, तर २५० च्या दरानें अवघें २. त्यास बाजारभावानें गुणून ती रक्कम इंजिन बांधण्याच्या खर्चाशेजारीं मांडावी. तथापि एवढ्यावरच निर्णय घेऊं नये. जळत्या तेलांतील फॉस्फरसनें कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होत जातो, आणि १५ वर्षांनंतर नोंदणी पुन्हां करून घेतांना मोटारीची तपासणी होते, हेंही ध्यानांत धरावें. रिंगा खरोखरच झिजल्या असतील तर काम करून घ्यावें. परंतु तें वहीवरून ठरवावें, नुसत्या सांगण्यावरून नव्हे.