कतारगामचा मे महिना

मे महिना उजाडला की कोकणच्या वाटा चाकरमान्यांनी गजबजून जातात. वर्षभर बंद असलेल्या घरांची कुलुपे निघतात, अंगणे सारवली जातात आणि मुंबईचा माणूस पंधरा दिवसांपुरता का होईना, पुन्हा गावचा होतो. आमच्या किनारपट्टीच्या वाचकांस हे चित्र इतके परिचित आहे की, परमुलुखी गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाचा उन्हाळा असाच जात असावा अशी आपली समजूत होऊन बसते. ती समजूत किती अपुरी आहे, हे आम्हास अलीकडेच सुरतेतील कतारगाम येथे एका जुन्या स्नेह्याच्या घरी चार दिवस काढले तेव्हा कळून आले. तेथे प्रवाह उलटा वाहतो. गावकडची माणसेच उन्हाळ्यात शहराकडे पाहुणी म्हणून येतात, आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभा असलेला परमुलुखातला माणूस त्यांचे आतिथ्य करतो.

कतारगाम हे एके काळी नावाप्रमाणेच गाव होते. सुरती उंधियूत घालावयाची पापडी कतारगामचीच हवी, असा जुन्या सुरतकरांचा आग्रह असे. ती पापडी हिवाळ्यातली, त्यामुळे मे महिन्यात जाणाऱ्या आमच्यासारख्याच्या वाट्यास तिची केवळ कीर्ती येते. तापीच्या वळणालगतच्या त्या मळ्यांवर आज हिऱ्यांचे कारखाने, यंत्रमागांची खाती आणि दाटीदाटीच्या सोसायट्या उभ्या आहेत. वेड रोडच्या बाजूस गेले म्हणजे मागांची खडखड रात्रीही थांबत नाही. नव्या माणसास झोप येत नाही, जुन्यास ती खडखड थांबली तर जाग येते, असे आमचे स्नेही सांगतात.

आम्ही गेलो तेव्हा गल्ली निम्मी रिकामी होती. हिऱ्याच्या कारखान्यांस उन्हाळी सुट्टी पडली होती आणि घंटीवर बसणारे सौराष्ट्राचे कारागीर बायकामुलांसह भावनगर-अमरेलीकडे निघून गेले होते. ‘वतनात गेले,’ असे शेजारी म्हणत. गुजराथीत वतन म्हणजे मूळ गाव. मराठीत वतन म्हणजे पिढीजात हक्क, पाटलाचे, कुळकर्ण्याचे, महाराचे. शब्द एक, परंतु दोन भाषांत त्याने दोन वाटा धरल्या. आमचे स्नेही दोन्ही भाषा सारख्याच बोलतात. ते हसून म्हणाले, ‘‘गुजराथीतले वतन मला आहे, मराठीतले नाही.’’ खानदेशात त्यांच्या वाट्यास वडिलोपार्जित घराची दीड खोली आणि चुलत्यांच्या सामाईक उताऱ्यावरील एक नाव एवढेच उरले आहे.

अडतीस वर्षांपूर्वी, विशीत नुकताच पाय टाकलेला हा मुलगा अंमळनेरहून गाडीत बसला आणि सुरतेस उतरला. तापी खोऱ्याचा तो लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पडला, तेव्हा भुसावळ आणि सुरत ही दोन्ही स्थानके एकाच मुंबई इलाख्यात होती. 1 मे 1960 रोजी राज्ये वेगळी झाली आणि त्या मार्गावर नवापूरपाशी सीमारेषा आली. ती नेमकी स्थानकातूनच गेली. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत, असे ते नवलाचे स्थानक आहे. तेथील एका बाकावर रेघ ओढून अर्धे बाक या राज्याचे, अर्धे त्या राज्याचे असे लिहिले आहे. प्रवासी त्यावर बसून छायाचित्रे काढून घेतात. त्या बाकाची गंमत आम्हासही वाटली. पुढे जे ऐकले त्यानंतर ती तितकीशी उरली नाही.

यंदाचे पाहुणे होते दोन कुटुंबे. एक बालमित्र निवृत्त एस. टी. चालक, दुसरे कोरडवाहू शेतकरी. दोघेही सपत्नीक, आणि शेतकरी मित्राबरोबर त्यांचा बारावी झालेला धाकटा मुलगा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जातो. सुरतेस समुद्राचे वारे असल्याने तो बहुधा सदतीस-अडतिसावर थबकतो. घामाने अंग चिकट होते ही गोष्ट वेगळी. परंतु खानदेशच्या माणसास सुरत हे एक प्रकारे थंड हवेचे ठिकाणच वाटते! शिवाय तेथे समुद्र आहे. साठी जवळ आलेल्या त्या शेतकऱ्याच्या पत्नीने डुमसच्या काळ्या वाळूवर उभे राहून आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. आपल्या गावावरून जाणारी तापी येथे येऊन समुद्रास मिळते, हे तिला शाळेतल्या नातवाने सांगितले होते, पण खरे वाटले नव्हते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, ‘‘एवढं पाणी इथपर्यंत येतं, मग आमच्याकडंच का थांबत नाही?’’ या प्रश्नाचे उत्तर पाटबंधारे खात्याने द्यावयाचे आहे. आम्ही गप्प बसलो.

पाहुणे रिकाम्या हाताने आले नव्हते. बिबड्या, कुरडया, कळण्याचे पीठ, कैरीचे लोणचे आणि केळ्यांचा एक अख्खा घड अशी शिदोरी त्यांनी गाडीच्या गर्दीतून सांभाळून आणली होती. यजमानांनी त्यांना सकाळी लोचो खाऊ घातला, संध्याकाळी कोल्ड कोको पाजला. दुपारी मात्र जेवण खानदेशीच. वहिनींनी खापरावरची पुरणपोळी केली आणि तिच्याबरोबर आमरसाचे भगोणे मधोमध ठेवले. सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण ही म्हण गुजराथ्यांत प्रसिद्ध आहे. त्या दुपारी सुरतेच्या जेवणास खानदेशाने हात दिला होता एवढेच. दोन खोल्यांच्या घरात दहा माणसे कशी राहिली, हा प्रश्न ज्यांनी चाळीत दिवस काढले आहेत ते विचारणार नाहीत. रात्री सारे जण गच्चीवर झोपत. गच्चीस तेथे अगाशी म्हणतात, आणि आता आमचे स्नेहीही तेच म्हणतात.

या आतिथ्यास एक जुने देणे आहे. 1994 च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ आली. वेड रोडच्या परिसरातून तिची पहिली वार्ता फुटली आणि लाखो माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली. आमचे स्नेही बायको आणि तान्ह्या मुलासह गावी पोहोचले, तेव्हा गावाने त्यांना वेशीच्या आत घेतले नाही. गावाचा दोष म्हणवत नाही; भीती खरी होती. आठ दिवस ते तिघे शिवारातल्या खोपटात राहिले. रोज संध्याकाळी बांधावर भाकरी आणि पाण्याची कळशी ठेवून जाणारा जो माणूस होता, तोच हा कोरडवाहू शेतकरी. तो दहा पावलांवर उभा राहून गप्पा मारी, असे वहिनींनी सांगितले. पुढे ऑगस्ट 2006 मध्ये तापीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा पुन्हा गावी जाण्याचे यांनी मनात आणले नाही. वरच्या मजल्यावरच्या सौराष्ट्रीय शेजाऱ्याच्या घरी सगळे कुटुंब राहिले. त्या शेजाऱ्याचे घर आज सुट्टीपायी बंद आहे आणि त्याच्या तुळशीस पाणी घालण्याचे काम वहिनींकडे आहे.

रात्री अगाशीवर गप्पा निघाल्या त्या निवृत्तीच्या. येत्या दिवाळीत आमच्या स्नेह्यांस अठ्ठावन्न वर्षे पुरी होतील. अडतीस वर्षे त्यांनी मागांवर काढली. प्रथम मीटरमागे मजुरीने, नंतर मास्तर म्हणून. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. डाव्या कानाने त्यांना आता जवळजवळ ऐकू येत नाही. पाच खाती बदलली. त्यांपैकी चार ठिकाणी त्यांचे नाव कोणत्याही सरकारी वहीत नव्हते. प्रॉव्हिडंट फंड कापला जाऊ लागला तो अखेरच्या खात्यात, आठ वर्षांपूर्वी. नोव्हेंबर 1995 पासून लागू असलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेत मासिक पेन्शन मिळण्यास दहा वर्षांची सेवा लागते. म्हणजे अडतीस वर्षे राबलेल्या माणसाची सेवा कागदावर आठ वर्षे, आणि आठ वर्षांस पेन्शन नाही. जमा झालेली रक्कम तेवढी काढून घ्यावयाची. चालक मित्रास त्या योजनेची पेन्शन मिळते. 2014 मध्ये या योजनेची किमान पेन्शन महिना एक हजार रुपये ठरली. यांना तिच्यापेक्षा थोडी अधिक मिळते. ‘‘माझी पेन्शन औषधाच्या दुकानापर्यंत चालत जाते, परत येताना मला रिक्षा लागते,’’ असे ते म्हणाले. त्यावर सगळे हसले, आम्हीही हसलो.

मग गावी परत यावे की येथेच राहावे? पाहुणे आग्रह करीत होते की, ये, दीड खोली तर दीड खोली. यजमानांच्या डोळ्यांत त्या आग्रहाने पाणी आले. परंतु आम्हास पत्रकारितेच्या खोडीमुळे नियम आठवला आणि तो तेथे सांगण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून येथे लिहितो. महाराष्ट्र शासनाच्या श्रावणबाळ योजनेचा आधार निराधार वृद्धास पासष्टाव्या वर्षी मिळू शकतो, पण त्यासाठी तो किमान पंधरा वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी असावा लागतो. विशीत पोटासाठी सुरतेस गेलेला आणि साठीस परतलेला खानदेशी मजूर, सारे काही संपून निराधार झाला तरी, आपल्या जन्मगावी पंचाहत्तरीपर्यंत परकाच ठरावयाचा! केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनीत साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसामागे केंद्राचा वाटा महिना दोनशे रुपये आहे. त्या रकमेवर बोलणे आम्हास प्रशस्त वाटत नाही.

रहिवासाची अट समजण्यासारखी आहे. कोणीही उठावे आणि कोणत्याही राज्याच्या तिजोरीस हात घालावा, असे चालणार नाही. परंतु ज्याचा जन्म, ज्याची शाळा, ज्याचे उताऱ्यावरचे नाव महाराष्ट्रातले आहे, त्याने शेजारच्या राज्यात घाम गाळलेली वर्षे वजा का व्हावीत? दोन राज्यांनी मनात आणले तर मार्ग निघतो, याचा पुरावा याच दोन राज्यांनी दिलेला आहे. ऑगस्ट 2019 मध्ये एका राज्याचे रेशनकार्ड दुसऱ्या राज्यात चालावे म्हणून देशात प्रथम ज्या दोन जोड्यांनी प्रारंभ केला, त्यांपैकी एक जोडी महाराष्ट्र आणि गुजरात यांची होती. दुसरी आंध्र आणि तेलंगणाची. ज्या सीमेवरून गव्हाचा दाणा ओळख न हरवता जाऊ शकतो, तिच्यावरून माणसाच्या आयुष्याची वर्षे जाऊ नयेत? गुजरात सरकारनेही एक हिशेब द्यावयास हवा. सुरतेचे कापड देशभर गेले. ते विणणाऱ्यांची नावे खात्यांच्या वह्यांत का चढली नाहीत, हे पाहणे कोणाचे काम होते?

रत्नागिरीचे हजारो लोक आखाती देशांत नोकरीस आहेत. त्यांना परतीचा विचार करावा लागत नाही, कारण नोकरी संपली की परवाना संपतो आणि विमानात बसावेच लागते. ते दुःख निराळे. कतारगामच्या माणसास कोणीही घालवीत नाही, आणि त्यामुळेच त्याचा निर्णय अडतो.

वहिनींचा निर्णय मात्र झालेला आहे. मुलगा येथे, सून येथे, नात येथे. नात गुजराथी शाळेत जाते. सुरत महापालिका प्राथमिक शाळा सात माध्यमांतून चालविते आणि त्यांत मराठीही आहे, ही गोष्ट त्या महापालिकेस भूषणावह आहे. परंतु सुनेचे म्हणणे असे की, पोरीस येथेच राहावयाचे तर येथली लिपी हवी. आजोबा तिला रात्री मराठी अक्षरे गिरवावयास लावतात. ती वर रेघ ओढावयाची विसरते. अंमळनेरच्या शाळेत ज्यांनी मुले घडविली त्या साने गुरुजींनी आयुष्याच्या अखेरीस आंतरभारतीचे स्वप्न पाहिले. प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांच्या घरी राहावे, असे ते स्वप्न. आमचे तारुण्य त्याच मंत्राच्या भारावलेपणात गेले. या स्नेह्याची आमची ओळखही अंमळनेरच्या एका शिबिरातली. आम्ही पुढे त्यावर व्याख्याने दिली, लेख लिहिले. त्यांनी शेजाऱ्याच्या तुळशीस पाणी घातले.

चौथ्या दिवशी पाहुणे निघाले. म्हाताऱ्या माणसांस रेल्वे भाड्यात जी सवलत मिळे ती मार्च 2020 मध्ये बंद झाली, त्यामुळे चालक मित्राने येतानाच परतीच्या तिकिटांचे पैसे निराळे बांधून ठेवले होते. वहिनींनी प्रत्येकास नानकटाईचा एकेक पुडा दिला. रिक्षा आली. शेतकरी मित्र मुलाच्या खांद्यावर हात ठेवून काही तरी पुटपुटले आणि एकटेच पत्नीसह रिक्षात बसले. मुलाची पिशवी खाली आलीच नव्हती. तो समुद्र पाहावयास आला आहे, असे चार दिवस सर्वांनी एकमेकांस सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो तेव्हा बाहेरच्या खोलीतली एक वळकटी पसरलेलीच होती. आमचे स्नेही त्या मुलास घेऊन खात्यावर गेले होते. सात वाजता पाळी बदलते; त्याआधी शेठ भेटतात.