आधी वाळू भिजवा, मग दगड ओढा

इजिप्तमध्ये देर अल-बर्शा इथे जेहुतिहोतेप या प्रांताधिकाऱ्याची सुमारे ३,९०० वर्षांपूर्वीची कबर आहे. तिच्या भिंतीवरच्या चित्रात जवळजवळ सात मीटर उंचीचा पुतळा लाकडी घसरगाडीवर दोरखंडांनी आवळून बांधलेला दिसतो. वजन अंदाजे ५८ टन. चार रांगांतली १७२ माणसं तो ओढताहेत, तर पुतळ्याच्या मांडीवर उभा राहून एक जण टाळ्यांनी ताल देतोय. मला मात्र या चित्रात सर्वांत मोलाचा वाटतो तो घसरगाडीच्या टोकाशी उभा असलेला माणूस. तो घड्यातून पुढ्यातल्या जमिनीवर पाणी ओततोय.

हा धार्मिक विधी असावा, असं अनेक अभ्यासक मानत आले. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत छोटी घसरगाडी वाळूवरून ओढून पाहिली. कोरड्या वाळूत गाडीपुढे ढीग साचतो आणि तोच वाट अडवतो. वाळू बेताची ओली केली, तर कणाकणांमध्ये पाण्याचे सूक्ष्म पूल तयार होऊन ते कण एकमेकांना धरून ठेवतात. जमीन घट्ट होते, ढीग साचत नाही आणि ओढायला जवळपास निम्मंच बळ पुरतं. पाणी जास्त झालं, की हे पूल मोडतात आणि घर्षण पुन्हा वाढतं. म्हणजे घडा किती कलता करायचा, हे त्या माणसाला नेमकं ठाऊक असायला हवं!

चित्रातल्या पुतळ्याचा दगड हतनुबच्या खाणीतला. तिथेच २०१८ मध्ये संशोधकांनी खुफू या फॅरोच्या काळातला खडा उतार उजेडात आणला. त्याच्या दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि लाकडी खांब रोवायची भोकं आहेत. दोराला खांबाचा वळसा दिला, की ओढणारे वर चढत राहण्याऐवजी खालच्या दिशेनेही ओढू शकतात. खांबांचा उपयोग असाच केला असावा, असा संशोधकांचा तर्क आहे.

दगड जागेवर पोहोचला, तरी तो शेजारच्या दगडाला चिकटून बसवणं बाकीच राहतं. पहारीसारख्या लाकडी तरफा लावून तो सरकवायचा आणि खाली जिप्समच्या गाऱ्याचा पातळ थर द्यायचा. हा गारा दगड जोडण्यापेक्षा तो घसरवण्याच्या जास्त कामी यायचा. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या बाहेरच्या आवरणाचे दगड पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी १८८०च्या दशकात मोजले. कित्येक टनांच्या त्या दगडांमधली फट सरासरी अर्धा मिलिमीटर भरली.